कुठलं वॉल्टन? एका इंग्लिश नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सगळं लिहायला का घेतलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मैत्रिणीकडे निघालो होतो, ती राहते वॉल्टनला. नवऱ्याने फोनवरच्या नकाशात नुसतं 'वॉल्टन, सरे' टाकलं आणि पहिलं आलं ते निवडलं. पोचलो ते एका टेकडीवरच्या गावात, समोर तळं, पलीकडे गोल्फ कोर्स, आणि मैत्रीण फोनवर विचारतेय की नदी दिसतेय का? नदी कुठली दिसायला, नदी राहिली पाऊण तास लांब. ती राहते वॉल्टन-ऑन-थेम्सला आणि आम्ही तिळगुळाचा डबा घेऊन उभे वॉल्टन-ऑन-द-हिलला, काउंटी म्हणजे जिल्हा एकच, सरे. त्या दिवसापासून हा नाद लागला. आता ग्रुपवर कोणीही घर शोधायला लागलं की 'ताई, हे वॉल्टन म्हणजे काय हो' असं मलाच विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे टाकून ठेवते.

वॉल म्हणजे भिंत, टन म्हणजे टाउन, म्हणजे भिंतीचं गाव. यात विचारण्यासारखं काय आहे?

मलाही असंच वाटायचं. मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये मी स्वतः 'तटबंदीचं गाव' असं लिहून दिलं होतं आणि ते चुकलं होतं. इंग्लंडात वॉल्टन नावाची गावं डझनावारी आहेत आणि त्यातली खरी भिंतीवरून नाव पडलेली मोजकीच निघतात. बाकीच्यांचा अर्थ वेगळा, आणि तोही प्रत्येकाचा सारखा नाही. म्हणजे असं समजा की चार वेगळ्या घरातल्या चार मुली, चौघींची पाळण्यातली नावं वेगळी, पण मोठ्या झाल्यावर लाडाने सगळ्यांना 'ताई'च म्हणायला लागले. हजार वर्षं बोलून बोलून चार वेगळी नावं झिजली आणि स्पेलिंग एकच उरलं.

ते चार अर्थ कुठले, आधी तेवढं सांगा.

जुन्या इंग्लिशमधले चार शब्द आहेत. 'वेआल्ह' म्हणजे परका, तिथला मूळचा ब्रिटन माणूस, ज्याला आपण आज वेल्श म्हणतो तो. 'वेआल्ड' म्हणजे जंगल. 'वेआल' म्हणजे भिंत किंवा बांध. आणि 'वॅला' म्हणजे झरा, हा मधल्या आणि पश्चिमेकडच्या भागातला उच्चार, बाकीकडे तोच शब्द 'वेल' होऊन विहिरीसाठी राहिला. या चौघांपुढे 'टून' लावा, हजार वर्षं थांबा, वॉल्टन तयार.

टून म्हणजे टाउन ना?

आजचा टाउन त्यातूनच आलाय, पण तेव्हा टून म्हणजे शहर नव्हे, कुंपण घातलेली जागा, मग त्यातलं घर आणि शेत, मग चार घरांची वस्ती. जर्मनमध्ये त्याच मुळाचा शब्द अजून कुंपण याच अर्थाने वापरतात, त्साउन. मला याला सगळ्यात जवळचा मराठी शब्द वाटतो तो वाडी. आपली वाडीसुद्धा मुळात वेढलेली जागाच, संस्कृत वाट, वाटिका यातून आलेली, आणि आता नारळीची बागही वाडी, दहा घरांची वस्तीही वाडी आणि मुंबईत तर अख्खी भटवाडी गर्दीने भरलेली. त्यामुळे खाली मी सगळीकडे वाडीच म्हणणार आहे, शहर म्हटलं की डोळ्यासमोर भलतंच येतं.

ब्रिटनांची वाडी म्हणजे काय? सगळेच ब्रिटिश ना तिथे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, थोडं लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

रोमन लोक पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून गेले. त्यानंतर समुद्रापलीकडून अँगल्स, सॅक्सन वगैरे टोळ्या येऊन वसल्या, यांच्या भाषेतून पुढे इंग्लिश झाली. आधीपासून जे तिथे राहत होते, ज्यांची भाषा आजच्या वेल्शची आजी, त्यांना हे नवे लोक 'वेआल्ह' म्हणायला लागले, म्हणजे परके. आता बघा कमाल, मागून आलेल्यांनी आधीच्यांना परकं म्हटलं! आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच, वेल्स आणि वेल्श हे त्याच शब्दातून आले, कॉर्नवॉलमधला वॉल पण तोच. वेल्श लोक स्वतःच्या देशाला वेल्स म्हणतच नाहीत, ते म्हणतात कम्री, आणि त्याचा अर्थ साधारण आपण सगळे एकाच मुलखातले, आपली माणसं. एक नाव घरातल्यांनी ठेवलेलं आणि एक शेजाऱ्यांनी.

अक्रोडाला इंग्लिशमध्ये वॉलनट म्हणतात त्यातही हाच परका बसलाय, परदेशी फळ. तिकडे युरोपात बेल्जियमचा वॅलोनिया आणि रोमानियाचा वालाकिया, ही नावंसुद्धा त्याच मुळाची, जर्मन कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांनी वेगळी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांसाठी वापरलेल्या शब्दातून आलेली.

पुढे या शब्दाला अजून एक अर्थ चिकटला, गुलाम. दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स नावाच्या सॅक्सन राज्याचा राजा इनी (राज्य ६८८ ते ७२६) याचे कायदे आहेत, त्यात कोणाचा खून झाला तर घरच्यांना किती भरपाई द्यायची याचे आकडे दिलेत. साध्या इंग्लिश शेतकऱ्याचे २०० शिलिंग आणि कर भरणाऱ्या, स्वतःची जमीन असलेल्या वेआल्हचे १२०. म्हणजे जमीन आहे, कर भरतो, कायद्यात हिशोबात धरलाय, पण भाव कमी. मला वॉल्टन हे नाव वाचलं की हे १२० शिलिंग आठवतात.

तर 'ब्रिटनांची वाडी' हे नाव त्या वाडीतल्यांनी स्वतः ठेवलेलं नसणार, कारण आपल्या गावाला 'परक्यांची वाडी' कोण म्हणेल? आजूबाजूच्या इंग्लिश बोलणाऱ्यांनी ठेवलं असणार, की त्या तिकडे ते लोक राहतात ना, ती वाडी. म्हणजे जिथे जिथे असं वॉल्टन आहे तिथे आजूबाजूचं सगळं इंग्लिश होऊन गेल्यावरही एवढी एक वस्ती वेगळी म्हणून ओळखू येत होती. सॅक्सन आले आणि आधीच्या लोकांना मारून-पळवून लावलं असं पूर्वी शाळेत सरसकट शिकवायचे, त्या गोष्टीला ही गावाची नावं छेद देतात. केनेथ कॅमेरॉन नावाच्या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास हीच वेआल्ह-वाली नावं एकेक करून तपासली होती.

मग कुठलं वॉल्टन कुठल्या अर्थाचं हे ओळखायचं कसं? स्पेलिंग तर एकच!

आजचं स्पेलिंग बघायचंच नाही, जुनं बघायचं. १०८६ साली विल्यम राजाने अख्ख्या इंग्लंडची जमीन-जुमल्याची नोंद करून घेतली, ती म्हणजे डूम्सडे बुक. तलाठ्याकडच्या जुन्या दप्तरासारखं समजा, फक्त लॅटिनमध्ये. त्यात बहुतेक गावांची तेव्हाची नावं सापडतात.

आता खरी गंमत. परका अर्थाच्या शब्दाचं षष्ठी अनेकवचन, म्हणजे 'परक्यांची', हे 'वाला' असं व्हायचं, मग 'वाला-टून'. म्हणजे मध्ये एक स्वर आला. डूम्सडेच्या लेखनिकाने तो ऐकला आणि मध्ये एक 'ई' अक्षर लिहिलं, वालेटोन. जंगल किंवा भिंत असेल तर मध्ये असा स्वर नाही, तिथे नुसतं वाल्टोन. एका अक्षरावर सगळा खेळ.

आमचीच दोन गावं घ्या. वॉल्टन-ऑन-थेम्स १०८६ मध्ये वालेटोन, स्वर आहे, म्हणजे ब्रिटनांची वाडी. वॉल्टन-ऑन-द-हिल त्याच साली वाल्टोन, स्वर गायब, म्हणजे जंगलाची वाडी नाहीतर भिंतीची वाडी. तिथे भिंत कुठली म्हणाल तर जवळच वॉल्टन हीथवर रोमन काळातल्या घराचे अवशेष सापडलेत, त्यामुळे दोन्ही अर्थ मांडले जातात. म्हणजे आम्ही त्या दिवशी चुकलो ते नुसतं गाव नाही, शब्दच वेगळा होता. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला 'तरी पेट्रोल तेवढंच जळलं'.

एक सांगून ठेवते, हा स्वराचा नियम म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. लेखनिक नॉर्मन वळणाचे, म्हणजे विल्यमबरोबर फ्रान्सकडून आलेल्यांच्या, कानाला ऐकू येईल तसं लिहिणारे, एकच नाव दोन पानांवर दोन प्रकारे. म्हणून नुसतं एका नोंदीवर जात नाहीत, पुढच्या दोन-तीनशे वर्षांची कागदपत्रं लावून बघतात.

खरं भिंतीचं वॉल्टन आहे तरी कुठे?

उत्तरेला कम्ब्रियात, ब्रॅम्प्टनजवळ. तिथून हेड्रियनची भिंत जाते, रोमन बादशहाने इसवी सन १२२ च्या सुमारास बांधायला घेतलेली, समुद्रापासून समुद्रापर्यंत ७३ मैल. त्या भिंतीच्या रेषेवर बसलेलं गाव वॉल्टन, इथे काही डोकं लावायला नको. दुसरं नॉरफोकमधलं वेस्ट वॉल्टन, तिथली 'भिंत' म्हणजे समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध. कोकणातल्या लोकांना हे पटकन कळेल, आपल्याकडे खारलँडचे बांध असतात तसा.

आणि झऱ्याचं?

झऱ्याचा वॅला समजून घ्यायला वॉल्टन सोडून जरा लिव्हरपूलसमोरच्या विरल द्वीपकल्पावर चला, कारण तिथे हा घोळ एकाच दिवसात फिरून बघता येतो. हेसवॉल नावाचं गाव आहे, त्यातला वॉल म्हणजे झरा, हेझलच्या झुडपांमधला झरा. त्याला अगदी लागून थिंगवॉल, त्यातला वॉल म्हणजे माळ, कारण तिथे व्हायकिंग लोक वस्तीला होते आणि थिंग म्हणजे त्यांची पंचायत, पंचायत भरायचा माळ, आइसलँडचं थिंगवेट्लिर आहे ना तोच शब्द. आणि टोकाला वॉलसी, तिथला वॉल म्हणजे आपला ओळखीचा परका, ब्रिटनांचं बेट. तीन गावं, इंग्लिशमध्ये तिन्हीत डब्ल्यू-ए-डबल एल, एक झरा, एक माळ, एक माणसं, आणि भिंत एकातही नाही! मी तिथे बसमधून जाताना पाट्या वाचून एकटीच हसत होते, शेजारची बाई जरा सरकूनच बसली.

'जंगलाची वाडी' हा अर्थ कुठे?

सॉमरसेटमध्ये, वॉल्टन आणि वॉल्टन-इन-गॉर्डानो. यावर फार सांगण्यासारखं नाही, जंगल होतं, आता नाही.

नावापुढे ऑन-थेम्स, ऑन-द-नेझ, ल-डेल अशी शेपटं कशाला?

पुण्याच्या माणसाने हा प्रश्न विचारूच नये! पिंपळे म्हटलं की तुम्ही काय विचारता, सौदागर, गुरव का निलख? वडगाव म्हटलं की मावळ, शेरी, बुद्रुक का खुर्द? अगदी तेच. नावं कमी आणि गावं जास्त झाली की ओळखायला शेपूट लागतं. थेम्स नदीकाठचं ते ऑन-थेम्स. एसेक्समधलं वॉल्टन-ऑन-द-नेझ, नेझ म्हणजे समुद्रात घुसलेलं भूशिर, तिथे १७२० सालचा एक उंच बुरूज उभा आहे, जहाजांना खूण म्हणून बांधलेला. प्रेस्टनजवळचं वॉल्टन-ल-डेल म्हणजे दरीतलं. लेस्टरशरमध्ये लफबरोजवळ वॉल्टन-ऑन-द-वोल्ड्स आहे, इथे फसायला होतं कारण वोल्ड हा शब्द त्या जंगलवाल्या वेआल्डचाच भाऊ, म्हणून वाटतं हे जंगलाचं वॉल्टन असणार, पण डूम्सडेत मध्ये स्वर आहे, म्हणजे ब्रिटनांचंच.

शेपूट लावूनही भांडण मिटत नाही ते वेगळंच. वॉल्टन-ऑन-द-हिल एक सरेमध्ये, एक स्टॅफर्डजवळ, आणि लिव्हरपूलच्या वॉल्टनचंही जुनं नाव तेच.

जाता जाता एक. लेस्टरशरमध्ये ॲशबी मॅग्ना आणि ॲशबी पार्वा अशी गावं आहेत, मॅग्ना म्हणजे मोठं आणि पार्वा म्हणजे छोटं, लॅटिन. गावातल्या शेतकऱ्याला कुठलं लॅटिन, ते कागद लिहिणाऱ्या कारकुनांनी चिकटवलं. आपलं बुद्रुक म्हणजे फारसी बुजुर्ग, मोठं, आणि खुर्द म्हणजे छोटं, तेही दप्तरातल्या भाषेतून गावावर येऊन बसलं. बोलायची भाषा एक आणि दप्तराची दुसरी असली की काय होतं याचा याहून चांगला दाखला मला अजून मिळालेला नाही.

मग शेपटं सोडली तर आपली वडगावं आणि यांची वॉल्टनं सारखीच?

नाही, फरक इथेच आहे. वडगाव कुठलंही घ्या, बहुतेक ठिकाणी वडाचंच झाड निघेल. नाव एक, अर्थ एक, गावं अनेक. वॉल्टनमध्ये नाव एक वाटतं तेवढंच.

वॉल्थॅमस्टो, वॉल्वर्थ, वॉल्सएंड, हे पण त्यातलेच का?

एकेकाचं वेगळं. लंडनमधलं वॉल्वर्थ हो, ब्रिटनांची जागा. सॅफ्रन वॉल्डन पण हो, ब्रिटनांची दरी (सॅफ्रन म्हणजे केशर, तिथे पूर्वी खरंच केशर पिकवायचे). वॉल्सएंड म्हणजे हेड्रियनच्या भिंतीचं टोक, सरळ. पण वॉल्थॅमस्टोचा यातल्या कशाशीच संबंध नाही, डूम्सडेत ते विलकुमेस्टो असं काहीतरी येतं, म्हणजे वेलकमची जागा, पाहुण्यांचं स्वागत होतं ते ठिकाण. पुढे कोणाला तरी वाटलं की हे जवळच्या वॉल्थॅमसारखंच असणार आणि स्पेलिंग वळवलं. लोक नावाला समजेल असा आकार देतात. आपल्या वाळकेश्वरचं बघा, वाळूचा ईश्वर, पण इंग्लिश पाटी वाचून एका पाहुण्याने मला खरंच विचारलं होतं की तिथे लोक वॉक करायला जातात का. जातात म्हणा, पण नाव त्यावरून नाही पडलं.

वॉलमार्टचा वॉल पण हाच?

हो, आडवळणाने. सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत आर्कान्सातल्या रॉजर्स गावी पहिलं वॉलमार्ट उघडलं, त्यांच्या आडनावाचं पहिलं अर्ध आणि पुढे मार्ट. वॉल्टन आडनाव म्हणजे मुळात वॉल्टन गावचा माणूस, आपल्याकडे वडगावकर असतो तसं, फक्त 'कर' न लावता. अणू फोडणारे अर्नेस्ट वॉल्टन, कॉकक्रॉफ्ट यांच्यासोबत १९५१ चं नोबेल मिळवणारे, त्यांचंही आडनाव तेच.

अमेरिकेत मात्र उलटं झालं. जॉर्जिया राज्यातली वॉल्टन काउंटी ही १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या जॉर्ज वॉल्टन यांच्या नावाची आणि फ्लोरिडातली त्यांच्या मुलाच्या नावाची. गावावरून आडनाव, आडनावावरून परत गाव, त्यामुळे तिथे भिंत, झरा, जंगल शोधायला जाऊ नका.

आपल्याकडे भारतात कुठे वॉल्टन आहे का?

फाळणीपूर्वीच्या हिंदुस्थानात होतं, लाहोरला. रेल्वेच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आडनावावरून तिथलं रेल्वेचं ट्रेनिंग स्कूल वॉल्टन, मग तो भागच वॉल्टन, मग विमानतळही वॉल्टन. १९४७ मध्ये तिथे निर्वासितांची मोठी छावणी होती, लाखो माणसं त्यातून गेली. नावाचा मूळ अर्थ तिथे कोणाच्या गावीही नव्हता, पण परक्यांची वाडी आणि निर्वासितांची छावणी, हे एकदा डोक्यात आलं की जात नाही.

मी लिव्हरपूलच्या वॉल्टनला मॅच बघायला गेलोय, तो कुठल्या अर्थाचा?

ब्रिटनांची वाडी, तिथेही जुन्या नोंदीत मध्ये स्वर आहे. तुम्ही गेलात ते फुटबॉलचं मैदान गुडिसन पार्क असणार, १८९२ पासूनचं, एव्हर्टन क्लबची पुरुषांची टीम २०२५ पर्यंत तिथेच खेळायची. आणि एव्हर्टन म्हणजे काय माहितीय का, रानडुकरांची वाडी. म्हणजे इतकी वर्षं रानडुकरांच्या वाडीची टीम परक्यांच्या वाडीत जाऊन घरचं मैदान म्हणून खेळत होती.

आमच्या गावाचा अर्थ कुठे बघू? नेटवर तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी म्हणून संस्था आहे, १९२३ साली सुरू झालेली, नॉटिंगहॅम विद्यापीठात बसते. एकेक काउंटी घेऊन गावं, शेतं, ओढे सगळ्यांची जुनी स्पेलिंगं सालासकट छापते, शंभर वर्षं झाली तरी काम चालूच आहे. मोठ्या लायब्ररीत त्यांचे खंड मिळतात. आणि या नावांचा एक अत्यंत गाजलेला कोश १९३६ मध्ये काढला तो कोणी, तर आयलर्ट एकवॉल यांनी, स्वीडनचे प्रोफेसर! साहेबाच्या गावांचे अर्थ साहेबाला स्वीडिश माणसाने सांगितले.

माझा सल्ला एकच, जो कोणी जुनं स्पेलिंग आणि साल न देता नुसता अर्थ सांगतो त्याचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. पबच्या भिंतीवर टांगलेल्या पाटीचंसुद्धा.

ताई ते सगळं ठीक आहे, पण शनिवारी वॉल्टनला यायचंय, फोनमध्ये नक्की काय टाकू?

पोस्टकोड टाका, नाव टाकूच नका. थेम्सवालं केटी १२, टेकडीवालं केटी २०, समुद्रकाठचं नेझवालं सीओ १४, लिव्हरपूलचं एल ४ किंवा एल ९. आणि निघायच्या आधी यजमानांना फोन करून विचारा, घरातून नदी दिसते का.